इंजिन बदललेल्या गाडीत एसी लावल्यावर आयडलिंग स्थिर ठेवण्याची पद्धत

इंजिन बदललेली गाडी एसी बंद असताना आयडलिंगवर, म्हणजे पाय पेडलवर नसताना, शांतपणे उभी राहते आणि एसीचे बटण दाबताच आरपीएम कोसळून इंजिन गचके देऊ लागते किंवा थेट बंद पडते, ही तक्रार स्वॅप (इंजिनाची अदलाबदल) करणाऱ्यांकडून सर्रास ऐकू येते. त्यावर पहिला हात जातो तो थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनाला हवा देणाऱ्या झडपेच्या, स्टॉप स्क्रूकडे. स्क्रू थोडा आत घेऊन आरपीएम शंभर-दीडशेने वाढवले की इंजिन बंद पडायचे थांबते खरे, पण मग एसी बंद असताना ते विनाकारण चढे चालू लागते, एसी लागतानाचा गचका तसाच राहतो आणि गाडी थांबवताना आरपीएम वेळेवर उतरत नाहीत. एसीच्या कॉम्प्रेसरचा भार क्रँकवर (इंजिनाच्या मुख्य दांड्यावर) पडण्याआधी त्या भाराला पुरेल एवढी हवा मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळकांड्यात) पोचलेली असली पाहिजे. ही वेळ साधली की बाकीचे ट्यूनिंग सोपे होते, आणि ती साधली नाही तर कितीही आकडे बदलले तरी आयडलिंग ताळ्यावर येत नाही.

हा भार नेमका केवढा असतो हे एकदा मांडून पाहिले की त्याचा धाक कळतो. आयडलिंगवर इंजिन स्वतःचे घर्षण, पंप आणि अल्टरनेटर ओढण्यापुरतीच ताकद निर्माण करत असते. कॉम्प्रेसरने त्या वेळी ३ अश्वशक्ती घेतली असे धरले, तर ८०० आरपीएमला क्रँकवर तिचा टॉर्क सुमारे २७ न्यूटन-मीटर भरतो. तीच ३ अश्वशक्ती २,५०० आरपीएमला घेतली तर टॉर्क ९ न्यूटन-मीटरच्या आतच राहतो आणि गाडी चालवणाऱ्याला तो फारसा जाणवतही नाही. मध्यम आकाराच्या इंजिनाचा आयडलिंगवरचा स्वतःचा भार साधारण याच मापाचा असल्यामुळे, एसी लागणे म्हणजे इंजिनावरचे ओझे एका क्षणात जवळपास दुपटीला जाणे होय. कारखान्यातून आलेल्या गाडीत ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) या ओझ्याची सूचना आधी मिळते आणि त्याच्या परवानगीनेच कॉम्प्रेसरचा क्लच, म्हणजे बेल्टवर फिरणारी पुली कॉम्प्रेसरशी जोडणारा विजेचा दुवा, लागतो. स्वॅपमध्ये नेमका हाच दुवा तुटतो, कारण इंजिन एका गाडीचे, एसीचे वायरिंग दुसऱ्या गाडीचे आणि कॉम्प्रेसर कधीकधी तिसऱ्याच गाडीचा असतो.

काम सुरू करण्याआधी सुरक्षिततेच्या काही गोष्टी पाळाव्यात. इंजिन बराच वेळ उभ्याने चालणार असल्याने गाडी मोकळ्या हवेत असावी, हँडब्रेक ओढून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, आणि एसी चालू असताना रेडिएटरचा पंखा कोणत्याही क्षणी आपोआप सुरू होतो हे ध्यानात ठेवून हात व सैल कपडे पंख्यापासून आणि बेल्टपासून दूर ठेवावेत. एसीच्या गॅसची पाइपलाइन उघडावी लागणार असेल तर गॅस हवेत न सोडता योग्य यंत्र असलेल्या तंत्रज्ञाकडून काढून घ्यावा.

आधी एसीविना आयडलिंग पक्के करावे

एसीच्या कोणत्याही आकड्याला हात लावण्यापूर्वी इंजिन पूर्ण गरम असताना, एसी, पंखा आणि दिवे बंद ठेवून आयडलिंग पाच मिनिटे एका जागी राहते का, हे पाहावे. राहत नसेल तर तेथेच थांबावे. ज्या इंजिनाला स्वतःचाच भार नीट पेलत नाही, त्याला कॉम्प्रेसरचा भार पेलायला लावून मिळणारे आकडे फसवे असतात.

स्वॅपमध्ये सर्वांत जास्त छळणारी गोष्ट म्हणजे व्हॅक्यूमची गळती, म्हणजे थ्रॉटलला चुकवून मॅनिफोल्डमध्ये शिरणारी हवा. ब्रेक बूस्टरची जोडलेली नळी, पीसीव्हीची (इंजिनाच्या पोटातील वाफ खेचणारी) नळी, टाकीतील वाफ खेचणारा पर्ज व्हॉल्व्ह, थ्रॉटल बॉडी आणि मॅनिफोल्ड यांच्यामधील घरी कापलेली गॅस्केट, बंद करायचे राहून गेलेले एखादे बारीक तोंड, यांतले काहीतरी हमखास निघते. गळतीचा परिणाम ईसीयूच्या पद्धतीनुसार वेगळा दिसतो आणि हा फरक ओळखता आला तर शोध लवकर संपतो. हवेचे वजन मोजणारा सेन्सर असलेल्या इंजिनात सेन्सरच्या पुढे शिरलेली हवा मोजलीच जात नाही, त्यामुळे मिश्रण पातळ होते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते) आणि इंजिन मिस मारते. मॅनिफोल्डचा दाब पाहून पेट्रोल ठरवणाऱ्या इंजिनात मात्र गळतीची हवाही दाबात दिसते, मिश्रण बऱ्यापैकी योग्य राहते, पण आरपीएम चढे राहतात आणि आयडल व्हॉल्व्ह (बंद थ्रॉटलला वळसा घालून आयडलिंगची हवा देणारा) जवळजवळ पूर्ण बंद करूनही ते उतरत नाहीत. धुराच्या यंत्राने गळती शोधणे सर्वांत सुरक्षित. गरम एक्झॉस्टजवळ ज्वलनशील स्प्रे मारून आवाजातला बदल ऐकण्याची जुनी पद्धत आगीला आमंत्रण देते, म्हणून मी ती सुचवत नाही.

गळती मिटल्यावर स्टॉप स्क्रूकडे वळावे. आयडल व्हॉल्व्हला दोन्ही बाजूंना हालचालीची जागा हवी, म्हणून गरम इंजिनावर एसी बंद असताना व्हॉल्व्हची ड्यूटी (त्याला वीज मिळण्याच्या वेळेचे प्रमाण; ती वाढली की तो अधिक उघडतो) साधारण २५ ते ४० टक्क्यांमध्ये येईल अशा बेताने स्क्रू बसवावा. ड्यूटी आताच ६० टक्के असेल तर एसीसाठी वर द्यायला फारसे काही उरत नाही, आणि ५ टक्के असेल तर एसी सुटल्यावर हवा काढून घेण्याची सोय राहत नाही. स्क्रू हलवल्यानंतर थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा शून्यबिंदू पुन्हा नोंदवणे अनेकांच्या हातून राहते. तो चुकला की पाय पेडलवर नसतानाही ईसीयूला थ्रॉटल उघडा दिसतो, तो आयडलच्या अवस्थेत शिरतच नाही आणि मग एसीसाठी लिहिलेले सगळे आकडे निष्क्रिय पडून राहतात. ड्राइव्ह-बाय-वायर (केबलऐवजी मोटरने उघडणारा) थ्रॉटल असल्यास हा स्क्रूचा प्रश्नच येत नाही, कारण हवा देणारी तीच झडप असते. मात्र तेथेही थ्रॉटलच्या कडेवरची काजळी साफ करून मगच शून्यबिंदू शिकवावा.

टोकाचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा) असलेल्या इंजिनात आणखी एक सापळा आहे. दोन्ही व्हॉल्व्ह काही काळ एकत्र उघडे राहत असल्याने न जळलेली हवा थेट एक्झॉस्टमध्ये जाते आणि एक्झॉस्टमधून मिश्रण तपासणारा लॅम्ब्डा सेन्सर मिश्रण आहे त्यापेक्षा पातळ दाखवतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला बारीक फट असली तरी असेच घडते. अशा वेळी आकड्यापेक्षा इंजिनाचा एकसारखा ठोका आणि मॅनिफोल्डमधील दाबाची स्थिरता यांवर अधिक विश्वास ठेवावा, आणि आयडलिंगचे ट्यूनिंग संपेपर्यंत लॅम्ब्डाची आपोआप दुरुस्ती बंदच ठेवावी. दोन नियंत्रक एकाच वेळी एकाच आरपीएममागे धावू लागले की कोणाच्या चुकीने ते डोलत आहेत हे कळेनासे होते.

वायरिंगची साखळी

माझ्या अनुभवात एसीवरील आयडलिंगच्या निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ ईसीयूतील आकड्यांच्या टेबलांत नसते, ते वायरिंगच्या क्रमात असते, म्हणून या भागाला वेळ द्यावा.

योग्य क्रम असा. डॅशबोर्डवरचे बटण, इव्हॅपोरेटरचा (केबिनची हवा थंड करणाऱ्या जाळीचा) थर्मोस्टॅट आणि गॅसच्या दाबाचा स्विच हे तिघे एकामागोमाग जोडून त्यांतून मिळणारी ‘एसी हवा आहे’ ही मागणी ईसीयूकडे न्यावी. ईसीयूने स्वतःच्या आउटपुटवरून रिले ओढावा. आणि रिलेने क्लचला वीज द्यावी. अनेक स्वॅपमध्ये प्रत्यक्षात बटणाची एक तार ईसीयूला जोडलेली असते आणि थर्मोस्टॅट व दाबाचा स्विच मात्र क्लचच्या तारेत बसवलेले असतात. मग इव्हॅपोरेटर पुरेसा थंड झाला की थर्मोस्टॅट क्लच सोडतो, पण ईसीयूला ते समजत नाही, कारण त्याच्या लेखी बटण अजून दाबलेलेच आहे. जादा हवा तशीच चालू राहते, भार नाहीसा होतो आणि आरपीएम उसळतात. थोड्या वेळाने थर्मोस्टॅट पुन्हा क्लच लावतो तेव्हा ईसीयूने दरम्यान हवा कमी केलेली असते आणि आरपीएम आपटतात. ठरावीक वेळाने वर-खाली होणारे आयडलिंग दिसले आणि त्याची लय क्लचच्या ‘टक्’ आवाजाशी जुळली, तर टेबलांना हात न लावता आधी ही साखळी तपासावी. जास्त दाबाला तोडणारा स्विच रिलेच्या कॉइलमध्येही ठेवावा, असे माझे मत आहे, कारण ईसीयू अडकला तरी तो कॉम्प्रेसरला वाचवतो. साध्या दुहेरी स्विचमध्ये खालची मर्यादा सुमारे २ बार आणि वरची ३० बारच्या आसपास असते; तिहेरी स्विचमध्ये पंख्यासाठी मधला एक टप्पाही असतो.

ईसीयूचे इनपुट अर्थ (बॅटरीची निगेटिव्ह बाजू) मागते की १२ व्होल्ट, हे तारा जोडण्याआधी मल्टिमीटरने आणि ईसीयूच्या माहितीपुस्तिकेतून नक्की करावे. अर्थकडे खेचल्यावर सक्रिय होणाऱ्या इनपुटला जुन्या गाडीच्या बटणातून आलेले १२ व्होल्ट थेट दिले तर ते इनपुट कायमचे जळू शकते. अशा ठिकाणी मध्ये एक छोटा रिले टाकून संकेत उलटा करून घेणे सोपे आणि खात्रीचे असते. क्लचच्या कॉइलचा रोध साधारण ३ ते ५ ओहम असतो, म्हणजे ती साधारण अडीच ते साडेचार अँपिअर घेते. हा प्रवाह ईसीयूच्या आउटपुटवर कधीही टाकू नये.

क्लचच्या कॉइलवर उलटा डायोड आहे का, हे अवश्य पाहावे. त्याची पट्टी असलेली बाजू पॉझिटिव्हकडे असते. कॉइलची वीज तोडताना तिच्यात साठलेली ऊर्जा शेकडो व्होल्टच्या ठोक्याच्या रूपाने वायरिंगमध्ये जाते आणि क्रँक सेन्सरच्या तारा जवळून गेलेल्या असतील तर तो ठोका ईसीयूला, आरपीएम मोजण्याच्या दातेरी चकतीचा, खोटा दात म्हणून दिसतो. एका गाडीत मी दोन संध्याकाळ आयडलिंगचे नियंत्रण बदलत बसलो होतो. एसी सुटताना एकच बारीक गचका बसायचा आणि तो कोणत्याही आकड्याने जात नव्हता. शेवटी लॉगमध्ये (ईसीयूने क्षणाक्षणाला नोंदवलेल्या आकड्यांत) आरपीएमच्या शेजारी ट्रिगरच्या, म्हणजे दात मोजण्याच्या, चुकांची संख्या लावून पाहिली, तेव्हा क्लच सुटल्याच्या प्रत्येक क्षणी ती बरोबर एकाने वाढत होती. स्वॅप करताना क्लचचा जुना प्लग कापला गेला होता आणि त्या प्लगमध्येच कारखान्याने डायोड बसवलेला होता. नवा डायोड लावल्यावर गचका गेला आणि मी दोन दिवस बदललेले सगळे आकडे मूळ जागी न्यावे लागले.

पंखा, पुली आणि व्होल्टेज

कंडेन्सरचा (एसीचा तापलेला गॅस थंड करणाऱ्या जाळीचा) पंखा सुरू होतानाचा झटका आणि क्लच लागण्याचा क्षण एकत्र आले तर अल्टरनेटरचा भार आणि कॉम्प्रेसरचा भार इंजिनावर एकदम कोसळतात. त्यामुळे मागणी येताच आधी पंखा लावावा आणि थोड्या उशिराने क्लचची पाळी येऊ द्यावी. दोन पंखे असतील तर तेही थोड्या अंतराने लागावेत.

पुलीचे प्रमाण स्वॅपमध्ये गुपचूप बदललेले असते. क्रँकची पुली १५० मिलिमीटर आणि कॉम्प्रेसरची १२० मिलिमीटर असेल तर ८०० आरपीएमला कॉम्प्रेसर १,००० आरपीएमने फिरतो. क्रँकची पुली १३० मिलिमीटरची आली की तोच कॉम्प्रेसर सुमारे ८७० आरपीएमवर येतो. इंजिनाला हलके वाटते, पण उभ्या गाडीत थंडावा कमी पडतो आणि अल्टरनेटरही त्याच पुलीवर अवलंबून असल्याने चार्जिंग उतरते. अशा गाडीत एसीवरील आयडलिंगचे लक्ष्य ८०० वर हट्टाने न ठेवता ९०० ते ९५० करणे शहाणपणाचे असते.

चार्जिंगचा मुद्दा केवळ बॅटरीपुरता नाही. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरला वीज दिल्यापासून तो प्रत्यक्ष उघडेपर्यंत जो मृत काळ जातो, तो व्होल्टेज कमी झाले की वाढतो. समजा आयडलिंगवर पेट्रोल पडण्याचा खरा काळ २ मिलिसेकंद आहे आणि पंखा व क्लच लागल्यावर व्होल्टेज १४.२ वरून १३ वर आल्याने मृत काळ ०.१५ मिलिसेकंदांनी वाढला. ईसीयूच्या टेबलात ही वाढ लिहिलेली नसेल तर मिश्रण एकाएकी सुमारे साडेसात टक्क्यांनी पातळ होते, तेही नेमके ज्या क्षणी इंजिनाला जास्त टॉर्क हवा असतो त्याच क्षणी. त्यामुळे दुसऱ्या इंजिनाचे किंवा मोठ्या क्षमतेचे इंजेक्टर बसवले असतील तर त्यांचे व्होल्टेजनुसार मृत काळाचे आकडे मिळवून भरल्याशिवाय एसीचे ट्यूनिंग करू नये. दोन तारांच्या आयडल व्हॉल्व्हलाही व्होल्टेज उतरल्याचा फटका बसतो, कारण तीच ड्यूटी दिली तरी प्रवाह कमी होऊन तो आधीइतका उघडत नाही.

आगाऊ हवेचे माप

येथून खरे ट्यूनिंग सुरू होते. आयडलिंगचे आपोआप चालणारे नियंत्रण आणि टायमिंगने (पिस्टन वर पोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते त्याने) आरपीएम सावरणारे नियंत्रण ही दोन्ही बंद करावीत, टायमिंग एका ठरावीक अंशावर धरावे आणि इंजिन पूर्ण गरम असू द्यावे. एसी बंद ठेवून हाताने ड्यूटी बदलत ८५० आरपीएम कोणत्या आकड्यावर स्थिर होतात ते लिहून घ्यावे; समजा तो ३२ टक्के निघाला. मग एसी पूर्ण थंडाव्यावर आणि ब्लोअर सर्वांत वेगात लावून, कॉम्प्रेसर चालू असताना हाताने ड्यूटी वाढवत ९०० आरपीएम मिळवावेत; समजा ४१ टक्के लागले. या दोहोंतला ९ टक्क्यांचा फरक हीच आगाऊ हवा. स्टेपर व्हॉल्व्ह असेल तर टक्क्यांऐवजी पावले मोजावीत, ड्राइव्ह-बाय-वायर असेल तर थ्रॉटलचा कोन. हा आकडा अंदाजाने लिहिणे आणि मग नियंत्रकाला चूक दुरुस्त करायला लावणे, हीच आरपीएम डोलत राहण्याची सर्वांत मोठी पायवाट आहे.

हे माप दुपारच्या कडक उन्हात घ्यावे. कॉम्प्रेसरचा भार गॅसच्या वरच्या बाजूच्या दाबाबरोबर वाढतो, आणि बॉनेट तापलेल्या, उभ्या गाडीत तो दाब सकाळच्या गारव्यापेक्षा बराच जास्त असतो. ईसीयूला दाबाचा तीन तारांचा सेन्सर जोडता येत असेल तर आगाऊ हवा एकाच आकड्यात न ठेवता दाबानुसार टेबलात लिहावी. स्वॅप करणाऱ्या प्रत्येकाने हा सेन्सर जोडावा, असे मला मनापासून वाटते. एवढ्याशा श्रमात पंखा, सुरक्षितता आणि आयडलिंग हे तिन्ही प्रश्न सुधारतात.

आता वेळ. चार सिलिंडरच्या इंजिनात ८०० आरपीएमला एक फेरा ७५ मिलिसेकंदांत पुरा होतो आणि साधारण दर ३७ मिलिसेकंदांनी एक सिलिंडर पेटतो. क्लच एखाद-दोन फेऱ्यांतच घट्ट धरतो. हवेला मात्र आधी व्हॉल्व्ह हलावा लागतो, मग मॅनिफोल्ड भरावा लागतो आणि मग ती सिलिंडरमध्ये जाऊन पेटावी लागते. यात कित्येक फेरे जातात. म्हणून मागणी आल्यावर हवा लगेच द्यावी आणि क्लचचा रिले ३०० ते ५०० मिलिसेकंद उशिरा ओढावा. बहुतेक प्रोग्रॅम करता येणाऱ्या ईसीयूंमध्ये या उशिरासाठी वेगळा आकडा असतो आणि तो पुष्कळदा शून्यावर पडून असतो.

मी ट्यून केलेल्या २ लिटरच्या एका इंजिनाचा लॉग येथे सांगण्यासारखा आहे. उशीर शून्य असताना क्लच लागताच आरपीएम ८४० वरून ४०० मिलिसेकंदांत ५९० वर आपटले. तोवर जागे झालेल्या नियंत्रकाने ड्यूटी ३१ वरून ४४ टक्क्यांवर नेली, ती हवा उशिरा पोचून आरपीएम १,०६० वर उसळले आणि तीन हेलकावे खाऊन मग स्थिरावले. त्याच इंजिनात ९ टक्के आगाऊ हवा आणि ३५० मिलिसेकंदांचा उशीर लिहिल्यावर आरपीएम आधी ८९० वर गेले, क्लच लागताना ८१० पर्यंत उतरले आणि एका दमात ८८० वर येऊन थांबले. केबिनमध्ये बसलेल्याला फक्त क्लचचा आवाज ऐकू आला. क्लच लागण्याआधीची उसळी १०० आरपीएमच्या वर जात असेल तर उशीर कमी करावा, आणि उसळी दिसतच नसून थेट खड्डा पडत असेल तर वाढवावा.

टायमिंगची राखीव ताकद

हवा सावकाश काम करते, ठिणगी पुढच्याच सिलिंडरला काम करते. म्हणून आयडलिंगचे मूळ टायमिंग इंजिनाला सर्वांत जास्त टॉर्क देणाऱ्या अंशावर न ठेवता मुद्दाम मागे, बहुतेक इंजिनांत १० ते १५ अंशांच्या आसपास ठेवावे, म्हणजे गरज पडली की पुढे सरकायला जागा राहते. लक्ष्यापेक्षा आरपीएम ५० ने कमी झाले तर २-३ अंश, १०० ने कमी झाले तर ५-६ अंश पुढे, आणि जास्त झाले तर तेवढ्याच प्रमाणात मागे, अशी सुरुवात पुरते. क्लच लागण्याआधीच्या उशिरात आगाऊ हवा आल्याने आरपीएम चढू पाहतात, टायमिंग मागे येऊन त्यांना धरून ठेवते, आणि क्लच लागताच मागे घेतलेले अंश एकदम परत मिळून टॉर्क हजर होतो. वर सांगितलेल्या लॉगमध्ये टायमिंग १४ अंशांवरून ९ वर गेले आणि क्लच लागल्यावर १७ पर्यंत चढले. खड्डा भरून काढला तो याच आठ अंशांनी.

मुख्य टायमिंग टेबलात आयडलिंगच्या आसपासचे रकाने सपाट असावेत, आणि आयडलिंगखालच्या, म्हणजे ५०० ते ६०० आरपीएमच्या रकान्यांत टायमिंग थोडे जास्त असावे. आरपीएम वाढले की टायमिंगही वाढेल असा उतार आयडलिंगच्या पट्ट्यात राहिला तर इंजिन स्वतःच स्वतःला डोलवते. हलका फ्लायव्हील बसवलेल्या इंजिनात आरपीएम अधिक झटकन पडत असल्याने या नियंत्रणाचे महत्त्व आणखी वाढते.

पेट्रोलच्या टेबलात एसीने मॅनिफोल्डचा दाब वर सरकतो. एसी बंद असताना ३५ किलोपास्कल असलेला दाब ४० ते ४५ वर जाणे स्वाभाविक आहे. त्या ओळी पूर्वी कधी वापरातच आलेल्या नसतात आणि त्यांत अंदाजाचे आकडे असतात. म्हणून एसी चालू ठेवून त्या स्वतंत्रपणे जुळवाव्यात आणि शेजारच्या ओळींशी त्यांचा चढ सलग ठेवावा. बहुतेक इंजिने लॅम्ब्डा १ च्या (हवा आणि पेट्रोल नेमके जुळण्याच्या) जवळ शांत राहतात, मोठ्या कॅमची इंजिने ०.९२ ते ०.९५ मागतात.

एवढे जुळल्यावरच आपोआप चालणारे नियंत्रण पुन्हा सुरू करावे आणि त्याला फक्त उरलेली बारीक चूक मिटवण्याचे काम द्यावे. त्याचा साठत जाणारा भाग (चूक टिकून राहिली तर दुरुस्ती वाढवत नेणारा) मंद ठेवावा, कारण तो घाईने साठला की एसी सुटल्यावर तेवढीच हवा जास्त होते.

एसी सुटताना आणि अडचणीच्या वेळी

मागणी संपल्यावर क्लच लगेच सोडावा आणि आगाऊ हवा अर्ध्या ते एक सेकंदात उतरत्या क्रमाने काढावी. त्या काळातली बारीक उसळी टायमिंगने दाबावी. क्लच एकदा सुटल्यावर निदान पाच सेकंद तो पुन्हा लागू देऊ नये.

इंजिन सुरू झाल्यावर पहिली काही सेकंदे, थ्रॉटल ७५-८० टक्क्यांच्या वर असताना, कूलंट १०५ ते ११० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यावर आणि कॉम्प्रेसरला सोसेल त्याहून जास्त आरपीएमला एसी बंद राहावा. आरपीएम ५५० च्या खाली गेले तर क्लच सोडण्याची तरतूद अवश्य ठेवावी, मात्र लॉगमध्ये ती वारंवार कामाला येताना दिसली तर आगाऊ हवा कमी पडते आहे असे समजावे. उतारावर किंवा थांबताना पेट्रोल तोडण्याची सोय असेल तर एसी चालू असताना पेट्रोल परत सुरू होण्याची मर्यादा २०० आरपीएमने वर न्यावी. थांबता थांबता क्लच पेडल दाबल्यावरच इंजिन बंद पडत असेल तर बहुतेकदा तेच कारण असते.

मूळ कारखान्याचा ईसीयू ठेवला असेल तर टेबले बदलण्यापेक्षा त्याला त्याच्या ओळखीचे संकेत देणे अधिक फलदायी ठरते. एसीची मागणी, पॉवर स्टिअरिंगचा स्विच, गिअरचा न्यूट्रल संकेत आणि विशेषतः गाडीच्या वेगाचा सेन्सर हे सर्व त्याला मिळत आहेत का ते पाहावे, कारण वेगाचा संकेत नसेल तर काही ईसीयू गाडी थांबली हे ओळखूच शकत नाहीत. त्यानंतर त्या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलप्रमाणे आयडलिंग पुन्हा शिकवावे. कार्बोरेटरच्या इंजिनात व्हॅक्यूमवर चालणारा आयडल-अप (आयडलिंगचे आरपीएम वाढवणारी यंत्रणा) लावावा आणि त्याचा सोलेनॉइड क्लचच्या रिलेवरून न चालवता मागणीच्या तारेवरून चालवावा, म्हणजे हवा भाराच्या आधी येईल.

शेवटची चाचणी सगळी ओझी एकत्र आणून करावी. इंजिन गरम करून बंद करावे, बॉनेटखाली उष्णता साचू द्यायला वीस मिनिटे थांबावे, मग पुन्हा सुरू करून हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर आणि ब्लोअर लावावा, स्टिअरिंग एका टोकापर्यंत वळवून एसी लावावा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून गिअर ‘डी’मध्ये टाकावा. क्लच दहा वेळा लागू-सुटू द्यावा आणि प्रत्येक वेळी आरपीएम लक्ष्याच्या वर-खाली ७५ आरपीएमच्या आत राहतात का, ड्यूटी वरच्या टोकाला टेकत नाही ना, व्होल्टेज १३ च्या खाली जात नाही ना, हे लॉगमध्ये पाहावे. आकडे बरोबर असूनही केबिन थरथरत असेल तर इंजिनाचे माउंट कडक आहेत का ते पाहावे आणि एसीवरील लक्ष्य ५० आरपीएमने वर-खाली करून थरथर कोठे विरते ते शोधावे. कडक माउंटच्या गाडीत एवढ्या छोट्या बदलानेही आरसा हलायचा थांबतो.